सगळ्यांना दुसरा नंबर हवा

सोळा ऑगस्ट, रविवार. आभाळ स्वच्छ, वारा पश्चिमेचा, अगदी हलका, तळ्यावर सुरकुतीसुद्धा नाही... आणि अशा सोन्यासारख्या दिवशी मी बोटीत बसून काय करत होतो, तर शर्यत हरावी म्हणून देवाचा धावा! हो, हरावी म्हणून! हसू नका. तुम्हाला सांगतो, नियम करणं हे शहाण्या माणसाचं काम नव्हे.

आमचं विस्कॉन्सिनचं छोटं गाव, गावाचं तळं, तळ्यावर आमचा क्लब आणि क्लबात बोटीच्या मागे टांगायची जुनीपुराणी इंजिनं, काही तर मालकांपेक्षा वयानं मोठी. वर्षातून एकदा शर्यत. बक्षीस काय? लाकडी पाटीवर नाव! पण त्या पाटीपायी गेल्या वर्षी माझा मेहुणा वेंडेल आणि लव्हॉन पार हमरीतुमरीवर आली. लव्हॉन बाईमाणूस, तिचं केस कापायचं दुकान आहे. आवाज असा, की पलीकडच्या काठावरची बदकं उडतात. "ह्यानं सिलिंडरचं डोकं घासून पातळ केलंय! म्हणून पळतंय ते!" वेंडेल म्हणतो, "आणि तुझा पिस्टन? गवत कापायच्या यंत्रातला आहे, सांगू का सगळ्यांना?" "अरे, मूळचा पिस्टन मिळतो कुठं आता? तुझ्या आजोबांच्या थडग्यात?" असं तासभर चाललं, आणि शेवटी दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं. नियम सगळ्यांना सारखा पाहिजे!

बरं, करणार कोण? तर डेल्मार. म्हणजे मी. का? तर डेल्मार रोज डायरी लिहितो. हवा लिहितो, वारा लिहितो, मग नियम लिहायला काय धाड भरलीय त्याला? आता बोला!

मी मन लावून नियम केला. कारखान्यातून आलं तसंच इंजिन हवं, बाहेरचा स्क्रूसुद्धा नको. नियम करणाऱ्याचे हात आधी स्वच्छ हवेत ना? म्हणून मी माझ्या इंजिनाची वेगाच्या दांडीची नवी स्प्रिंग काढली आणि डब्यातली मूळची गंजकी शोधून बसवली. इंजिन माझ्या बाबांचं. त्या पितळी दांडीवर बाबांच्या अंगठ्यानं खड्डा पडलाय, माझा अंगठा बरोब्बर त्यात बसतो. बायको माहेरी गेली तर मी जेवतो, पण हे इंजिन दुरुस्तीला गेलं तर घास उतरत नाही. असो.

शुक्रवारी गुत्त्यात तळलेले मासे खाताना नियम वाचून दाखवला. वेंडेल म्हणाला, "वा दाजी! म्हणजे सगळ्यांची इंजिनं बाद आणि तुम्ही एकटेच धावणार, एकटेच जिंकणार!" मी म्हटलं, बरं, थोडं घासायला परवानगी, नखाच्या जाडीएवढं. "कुणाच्या नखाच्या? लव्हॉनच्या? मग मी आणखी घासतो!" लव्हॉननं नख त्याच्या डोळ्यासमोर नाचवलं आणि पुन्हा तेच. नियम सगळ्यांना सारखा पाहिजे!

अहो, मी रडकुंडीला आलो! आणि रडकुंडीला आलेल्या माणसाला सुचू नये ते सुचतं. मला जुन्या मोटारींच्या शर्यतीतला कायदा आठवला. इंजिनाला काय हवं ते करा! फक्त, शर्यतीत उतरलेल्या कुणीही दोनशे डॉलर मोजले, की जिंकणाऱ्याचं इंजिन त्याचं. नाही म्हणायचं नाही. मग कोण कशाला त्यात पैसा ओतेल?

सगळ्यांचे मासे गार. आणि कोपऱ्यात पेंगणाऱ्या अँब्रोजकाकांनी डोळे उघडले. नव्वदीचा म्हातारा, बाबांना हे इंजिन त्यांनीच विकलेलं, त्यांचं स्वतःचं तर कित्येक वर्षांत सुरूही झालेलं नाही. म्हणाले, "छान नियम आहे, डेल्मार. सगळ्यांना सारखा." मला इतकं भरून आलं म्हणता! वाटलं, एक तरी समजूतदार माणूस आहे गावात!

तर आज. सहा बोटी. निशाण पडलं... आणि कुणी हलेचना! कारण जिंकलं की इंजिन गेलं! सगळ्यांना दुसरा नंबर हवा! वेंडेल म्हणतो, "लव्हॉन, तू हो पुढं, बायकांना मान!" "मान नको, तूच हो, तुझं डोकं पातळ आहे ना!" अशी फुटक-फुटक करत आमची वरात निघाली, काठावरून एक कुत्रं चालत होतं ते आमच्या पुढे गेलं. अँब्रोजकाका तर सरळ वल्ही मारत होते. मी सगळ्यांच्या मागे, सुखात. बोट लव्हाळ्याकडे सरकायला लागली म्हणून दांडी जरा, जराशीच पुढे केली, आणि टक्! स्प्रिंग तुटली. मूळची! दांडी पार पुढे जाऊन अडकली.

काय सांगू तुम्हाला... बोटीचं नाक आभाळात! इंजिन बंद करायला चोक ओढला, मूठ हातात आली. तीही मूळची! डावीकडे वेंडेल, उजवीकडे लव्हॉन, वळू कुठं? मोकळं पाणी फक्त मधे, आणि त्याच्या टोकाला शेवटची रेघ. "दाजी, सावकाश!" "अरे मी सावकाशच आहे, हे ऐकत नाहीये!" रेघ ओलांडून मी चिखलात जाऊन रुतलो तेव्हा कुठं ते थांबलं.

बऱ्याच वेळानं अँब्रोजकाका वल्ही मारत आले. टोपी काढली. टोपीत नोटा. "तुझ्या बापाला विकलं त्या दिवसापासून चुकल्यासारखं वाटतंय बघ मला."

"काका, अहो, बाबांची आठवण आहे ती..."

मी वेंडेलकडे बघितलं, लव्हॉनकडे बघितलं. आणि ती दोघं जन्मात पहिल्यांदा एका सुरात म्हणाली, नियम सगळ्यांना सारखा पाहिजे!

आता डायरीत लिहिलंय ते वाचतो. वारा पश्चिमेचा, संध्याकाळी पडला. पहिला, डेल्मार क्लॅपरिच. शेवटचा, अँब्रोज पेल्की. इंजिन अँब्रोजला. वल्ही मला.