कॉल लागणारा टॅब

केराबाई : ह्यो नगं. ह्येच्यावरनं साधा फोन लागत न्हाय म्हनालीस की आत्ता.

हेमावती : सिम बसतं आजी, पण फक्त नेटपुरतं. नेट गेलं की कॉल गेला.

केराबाई : सांगोल्याच्या पल्याड आमची वाडी. नेटाचा काय भरवसा? फोन लागला पायजे, आन् त्वांडबी दिसलं पायजे.

हेमावती : मग हा बघा. कॅमेरा साधाच आहे, चालतो पण थोडा हळू. मात्र कॉल सरळ लागतो, व्हिडिओपण होतो. याच्यापेक्षा स्वस्तात कॉलचा टॅब आमच्या दुकानात नाही.

धुळा : आगं, येवडं ताट घिऊन काय करतीस? बटनाचा बारका फोन घे की.

केराबाई : तुमी बसा गप. पोरी, आवाज किती हाय ह्येचा? वसरीवर ठिवला तर शेजारच्या भावकीला ऐकू जाईल?

हेमावती : आजी, लोक हळू आवाजाचं विचारतात! भावकीला कशाला ऐकवायचं?

केराबाई : त्यास्नीच ऐकवायचं हाय.

हेमावती : जुना फोन असेल तर द्या, किंमत थोडी कमी करून देते.

केराबाई : हाय की. इहिरीत हाय. ह्यांनीच टाकला.

धुळा : परक्या पोरीम्होरं कशाला जुनं उकरतीस?

केराबाई : घरात कोन ऐकतंय माजं? पोरी, माजी ऋतुजा हितंच सोलापुरात नर्सिंग शिकली. अक्कलकोटच्या पोराशी लगीन केलं तिनं. आमच्यातला न्हाय, पन मानूस लई चांगला. तर ह्यांनी डोस्कं भादरलं, आन् जित्या लेकीचं दहावं घातलं. सगळी भावकी जेवून गेली. त्यो सैपाक माज्याकडनं करून घेतला.

हेमावती : जिवंत मुलीचं दहावं?

केराबाई : व्हय. फुडं तिचा फोन आला, मी बोलत व्हते, तर हातातनं हिसकून इहिरीत टाकला.

धुळा : भावकीत त्वांड दाकवायला जागा न्हवती मला.

केराबाई : म्हनूनच तुमचं डोळं करून आनलं. मोतीबिंदूनं काय दिसत न्हवतं ह्यास्नी, पोरी. आपरेशन नगं म्हनत व्हते. मीच माज्या शेळ्या इकल्या. आज पट्टी काडली.

धुळा : अन् मी वाडीभर सांगत सुटलो, बायकू लई करती माजं.

केराबाई : सांगा की. आंदळ्याला काय दाकवनार व्हते मी? पोरी, लावून बग ह्येच्यावरनं. नंबर मला तोंडपाठ हाय.

हेमावती : दुकानाचं नेट आहे, व्हिडिओच लावते. सांगा नंबर.

(पडद्यावर ऋतुजा दिसते. कडेवर मूल.)

ऋतुजा : हॅलो, कोण? आई? अगं, कुठून बोलतीस?

केराबाई : सोलापुरातनं. लेकराला म्होरं धर. मीबी आजच बगती गं त्येला... आवं, त्यो काळा चष्मा काडा. काडा म्हनते न्हवं! बगा. जिचं दहावं घातलं, तिचं लेकरू हाय ह्ये.

ऋतुजा : आबा आहेत?

धुळा : नाक माज्या आयचं हाय. जसंच्या तसं.

ऋतुजा : आबा, डोळे बरे झाले का तुमचे?

धुळा : व्हय, दिसतंय. सगळं दिसतंय. पोरी, ह्येचं नाव काय ठिव—

केराबाई : बास. ऋतुजा, घरी गेल्यावर लावते मी. बंद कर गं हे. कुटं दाबायचं?

हेमावती : इथं. पण आजी, ती बोलत होती त्यांच्याशी. तिला राग नव्हता.

केराबाई : नसंल. त्यो सैपाक तिनं न्हवता केला.

धुळा : केरा, पुन्ना लाव की. एकडाव.

केराबाई : रोज लावनार, सांजच्याला, वसरीवर. भावकी ऐकंल. तुमी समूर बसून बगायचं. बोलायचं न्हाय.

धुळा : आन् तिनंच इचारलं काय तर?

केराबाई : तरी न्हाय. मेलेल्या मानसाशी कोन बोलतं? पोरी, ह्योच दे. आन् उबा ठिवायला कायतरी दे, खाटंवरनं नीट दिसंल आसं.

हेमावती : स्टँडचं कव्हर आहे. आतून आणते.

धुळा : पोरी, थांब जरा. तू जवळ व्हतीस. त्या लेकराचं नाव ऐकू आलं का तुला?

हेमावती : नाही आजोबा. तिनं सांगितलंच नाही.