सासऱ्यांना आवडलेलं ऑइल

जुन्या गाडीचे फार लाड करू नयेत, हे मला सांगोल्यात कळलं बघा. माझी जीप दोन लाख किलोमीटर पळालेली. आमचे मिस्त्री म्हणाले, "साहेब, साधंच ऑइल घाला. आतल्या मळानंच हिची गळती थांबलीय. सिंथेटिकनं तो मळ धुऊन निघंल, मग बसा पुसत!"

मी कसला ऐकतोय! मोबाइलवर चार व्हिडिओ बघितले होते की. महागडं सिंथेटिक घातलं आणि चार-सहा दिवसांनी ऐटीत सासुरवाडी गाठली.

सकाळी बघतो तर सासरे जीपखाली आडवे. इंजिनाखाली जुनं पातेलं ठेवलेलं आणि त्यात ऑइलची टपटप चाललेली. मी शरमेनं अर्धा झालो. सासरे मात्र खूश. ते ऑइल त्यांनी शेळ्यांच्या फाटकाला, दारांना, रहाटाला लावलं. "जावईबापू, लई झ्याक हाय की! फाटक कुरकुरतच न्हाय!"

बारा वर्षांत या माणसानं मला कधी राहायचा आग्रह केला नव्हता. निघताना हात धरून म्हणाले, "अजून दोन दिस ऱ्हावा की."

मी विरघळलोच. म्हटलं, "मामा, राहिलो असतो, पण चिंचोळीला ड्युटी आहे."

"मग तुमी जावा," मामा म्हणाले, "जीप ऱ्हाऊ द्या."