नखभर वर लावलेलं दार

आजच्या सभेचे सन्माननीय अध्यक्ष, आमच्या मोटारगाड्यांच्या कारखान्याचे धाकटे मालक. त्यांच्या उजव्या हाताला बसलेले व्यवस्थापक साहेब. डाव्या हाताला विक्री विभागाच्या मॅडम. ज्यांच्यासाठी आज कॅन्टीनची टेबलं हलवून या खुर्च्या मांडल्या ते सत्कारमूर्ती, म्हणजे माझे मामा. पहिल्या रांगेत पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेली माझी मामी. आणि पुढे जागा रिकामी असतानाही मागच्या भिंतीला पाठ लावून उभे असलेले दरवाजा विभागाचे सगळे दारवाले, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

भाषणाची मला सवय नाही. मामांनी गेल्या आठवड्यात सांगितलं, "माझ्या वतीनं तू बोल." मी म्हटलं, "मामा, मला शाळेनंसुद्धा कधी स्टेजवर चढू दिलं नाही." तर म्हणाले, "म्हणूनच. तुला थांब म्हटलं तरी तू थांबत नाहीस. असा माणूस पाहिजे."

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी एका जागी टिकत नाही अशी माझी ख्याती आहे. हॉटेलात भांडी घासली, जत्रेतल्या पाळण्याचा जनरेटर सांभाळला, एका गृहस्थांबरोबर गावोगाव फिरून वाचायचे चष्मे विकले. ते गृहस्थ गिऱ्हाइकाला आधी चष्मा लावायचे आणि मग नंबर विचारायचे. त्यांची एक फार मजेची गोष्ट आहे... पण मामी डोळे वटारतेय. असो. सध्या मी बंदरावर असतो. परदेशातून जहाजं भरून नव्या गाड्या येतात, त्या चालवत खाली उतरवायच्या आणि पटांगणात ओळीनं लावायच्या, हे माझं काम. म्हणजे हा कारखाना ज्या गाड्यांनी बुडवला, त्या गाड्यांना मी हात धरून घरात आणतो. हे मागून कुणीतरी कुजबुजण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

हे काम लागल्याचं मी मामांना सांगितलं तेव्हा आम्ही जेवत होतो. मामी म्हणाली, "आता नीट जेव तरी, मग सांग त्यांना." पण मला धीर कुठला? सांगून टाकलं. मामा रागावले नाहीत. बराच वेळ भात कालवत राहिले आणि मग विचारलं, "दार कसं लागतं रे त्यांचं?"

मी म्हटलं, "छान लागतं मामा. लागलेलं कळतसुद्धा नाही."

"मग लागलंय की नाही, हे कसं कळतं?"

"दिवा लागतो समोर. आणि एक बाई बोलते."

"काय बोलते?"

"त्यांच्या भाषेत बोलते. मला काय कळतंय!"

मामा मामीला म्हणाले, "बघ, दार लागलं हे सांगायलासुद्धा बाई ठेवलीय. आणि तरी आपल्यापेक्षा स्वस्त." मामी हसली. मामा हसले नाहीत.

स्वस्त म्हणजे किती, हे इथे कुणाला सांगायची गरज नाही. आमचा नुसता पत्रा, कापून, ठोकून, रंगवून जेवढ्याला पडायचा, तेवढ्यात त्यांची अख्खी गाडी गाणी म्हणत दारात उभी राहते. आता याला घेणाऱ्याचा दोष म्हणायचा का? मी घेतली असती तर तीच घेतली असती. इंजिनाचं खातं आधी बंद झालं. मग रंगाचं. मग पत्र्याचं मोठं यंत्र विकलं, आणि ते न्यायला भिंत पाडावी लागली. ती भिंत अजून तशीच आहे, तिथून थेट रस्ता दिसतो. शेवटी दरवाजा विभाग उरला. बाकी गाडीच नाही आणि दार बसवणारे तेवढे आहेत! मामा रोज येत होते, हत्यारं पुसत होते, परत ठेवत होते.

आणि मग धाकट्या मालकांनी मार्ग काढला. व्यवस्थापक साहेबांनी आत्ता त्यांच्या भाषणात त्याला 'नवं पर्व' म्हटलं. नवं पर्व असं: परदेशातून तयार गाडी आणायची, तिच्या नाकावरचं त्यांचं चिन्ह काढायचं, आपलं लावायचं. पुढे एक, मागे एक. धुवायची. विकायची. आपलीच गाडी. माझ्या मागे हा जो एवढा मोठा फलक लावलाय, त्यावर मामांच्या फोटोपेक्षा मोठा फोटो त्याच गाडीचा आहे. मी ओळखतो तिला. मीच उतरवलीय.

त्या गाड्यांची पहिली खेप दरवाजा विभागाच्या शेडमध्ये आली त्या दिवशी काय झालं, हे या सभेत कुणी सांगितलं नाही. साहेबांनी "एक दुर्दैवी प्रकार" म्हटलं आणि पाण्याचा घोट घेतला. ते मी सांगतो. ज्यांनी कधी दार बसवलेलं नाही त्यांच्यासाठी सोपं करून सांगतो, कारण मलाही सोपं करूनच कळलं.

या कारखान्यात दार बसवायला यायचं तेव्हा ते रिकामं असायचं. नुसता पत्रा. काच नाही, कुलूप नाही, आतलं अस्तर नाही. ते सगळं पुढच्या खात्यात भरायचे. मग दार जड व्हायचं आणि थोडं खाली उतरायचं. म्हणून दारवाले ते मुळातच थोडं वर बसवायचे. नखभर. पुढचं वजन आलं की दार आपोआप जागेवर. नवा माणूस आला की मामा त्याला पहिल्या दिवशी हेच शिकवायचे: "आज नीट दिसणारं दार उद्या लोंबतं. आज थोडं चुकीचं दिसू दे."

आता ती परदेशी गाडी आली. सगळं भरून आलेली. दार जिथे हवं तिथे बसलेलं. पण उभी कुठे राहिली? त्याच शेडमध्ये, त्याच खुणेवर, त्याच माणसांपुढे. कित्येक महिने हात रिकामे असलेल्या माणसांपुढे! त्यांना वरून हुकूम एवढाच होता की चिन्ह लावा. चिन्ह लावायला कितीसा वेळ लागतो? मामांनी दाराकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्याला ते दार खाली दिसलं. त्या जागेवर उभ्या राहिलेल्या गाडीचं दार त्यांनी इतकं खाली कधी पाहिलंच नव्हतं. ते म्हणाले, "उतरलंय." रेडिओ म्हणाला, "उतरलंय खरं." (रेडिओ म्हणजे तो, कोपऱ्यातला, सतत बोलतो म्हणून रेडिओ. आज गप्प आहे.) आणि मग कुणी कुणाला काही सांगितलं नाही. बिजागऱ्यांचे बोल्ट सैल केले, दार नखभर उचललं, बोल्ट आवळले. पुढची गाडी. पुढची गाडी. रेडिओ मला म्हणाला, "अरे, त्या दिवशी डबा खायला कुणी बसलं नाही. एवढं बरं वाटत होतं!"

अख्खी खेप त्यांनी बिघडवली.

बिघडवलीच. मी लपवत नाही, मामाही लपवत नाहीत. पुढे कुठलं वजन यायचंच नव्हतं, तेव्हा दारं वरच राहिली. चौकटीला घासायला लागली, रंग उडाला, वेगात वारा शिट्टी मारायला लागला. गिऱ्हाइकं गाड्या परत आणायला लागली. चूक झाली, आणि अशी झाली की ती जगात दुसरं कुणी करूच शकलं नसतं.

पण कंपनीनं तिला चूक म्हटलं नाही. घातपात म्हटलं. कामगारांनी परदेशी मालाच्या रागानं गाड्या मुद्दाम बिघडवल्या! हा शब्द केबिनमधून निघाला तो थेट आमच्या बंदरावर आला. इथलं काम आज ना उद्या जाणार म्हणून रेडिओ तिकडे काम मागायला आला होता, मी शब्द टाकला होता. मुकादमानं विचारलं, "कुठल्या खात्यात होतास?" हा म्हणाला, "दरवाजा." मुकादम म्हणाला, "मग नको बाबा. तुम्ही गाड्या फोडता." ही मागे उभी असलेली माणसं आज जिथे जातील तिथे हेच ऐकतात.

मग व्यवस्थापक साहेबांनी मामांना बोलावलं. चहा दिला. म्हणाले, "मिस्त्री, चौकशी लावली तर सगळेच जातील. त्यापेक्षा तुम्ही एकटे म्हणा की वयामुळे माझी नजर चुकली, मुलांनी मी सांगितलं तसं केलं. सन्मानानं निवृत्त व्हा. आम्ही समारंभ करू." मामांनी विचारलं, "आणि पोरांचं काय?" साहेब म्हणाले, "समारंभात सगळ्यांसमोर जाहीर करू, की गाड्या कुणी मुद्दाम बिघडवल्या नव्हत्या."

मामी, तू मान खाली घालू नकोस. तुझ्या नवऱ्याची नजर अजून अशी आहे की सुईत दोरा तू त्यांच्याकडून ओवून घेतेस. तरी ते केबिनमध्ये चार माणसांसमोर म्हणाले, "वय झालं साहेब, दिसत नाही आता." घरी आले आणि मला म्हणाले, "एका वाक्याच्या बदल्यात एक वाक्य. महाग नाही."

त्यांनी आपलं वाक्य देऊन टाकलं. आज कंपनीची पाळी. साहेबांचं भाषण मी कान देऊन ऐकलं. नवं पर्व आलं, कष्टाळू वृत्ती आली, दुर्दैवी प्रकार आला, उपाहाराची सूचनासुद्धा आली. ते वाक्य आलं नाही. मी म्हटलं, ठीक आहे, मोठं वाक्य मोठ्या माणसासाठी ठेवलं असेल. अध्यक्षांचं भाषण शेवटी असतं. म्हणून, अध्यक्ष महोदय, माझी आपल्याला हात जोडून विनंती आहे, की आपण...

काय? माझ्यासाठी? द्या.

क्षमा करा, चिठ्ठी आलीय. मला वाटलं 'आवरा' लिहिलं असेल. नाही. "अध्यक्षांना दुसऱ्या कार्यक्रमास जायचे असल्याने अध्यक्षीय भाषण होणार नाही. आपण आभार मानून समारोप करावा."

साहेब, वाचून दाखवायची नव्हती का? मला माहीत नव्हतं. माझ्या हातात जे येतं ते मी चालवतो.

मामा, तुम्ही का उठलात? बसा ना. सन्मानचिन्ह अजून द्यायचंय... काय म्हणता? जरा मोठ्यानं. बरं, मी सांगतो त्यांना.

मामा म्हणतायत, ते वाक्य नसेल तर त्यांचंही परत घेतात. नजर चुकली नव्हती. वय झालेलं नाही. चांगलं दिसतंय, इथून अध्यक्षांचा पाय खुर्चीखाली बूट शोधतोय तेसुद्धा दिसतंय. आणि वय झालं नाही म्हणजे निवृत्तीही नाही, तेव्हा उद्या सकाळी ते नेहमीच्या वेळेला फाटकावर येतील. काढायचं असेल तर चौकशी लावून काढा. चौकशीत एक रिकामं दार आणा, एक भरलेलं दार आणा, ते सगळ्यांसमोर बसवून दाखवतील आणि काय चुकलं ते सांगतील. मग निकाल काय द्यायचा तो द्या, पण लिहून द्या, म्हणजे या पोरांना तो बंदरावर दाखवता येईल.

...दारवालेही निघाले वाटतं. रेडिओ, अरे खुर्ची पाडू नकोस.

तर मंडळी, सत्कारमूर्ती गेल्यामुळे सत्काराचा भाग इथे संपतो. उपस्थित राहिल्याबद्दल मी अध्यक्षांचे आभार मानतो. त्यांना लवकर जायचं होतं, ते आता सगळ्यांच्या मागून जातील. व्यवस्थापक साहेबांचे, मॅडमचे, ध्वनिक्षेपक शेवटपर्यंत बंद न करणाऱ्या इलेक्ट्रिशियन दादांचे विशेष आभार. चहा घेतल्याशिवाय कुणी जाऊ नये. माझ्या बोलण्यात कुठे अधिकउणं झालं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर लहान समजून पदरात घ्या. फक्त एवढंच लक्षात ठेवा, की आमच्या मामांच्या हातून जे झालं ते चुकून झालं होतं. मी आत्ता जे बोललो, ते मुद्दाम बोललोय.