पुस्तकातलं दुसरं अक्षर

रत्नागिरी स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर एक आई आपल्या दहावीतल्या मुलीची उजळणी घेत होती.

"तेजल, पेशीविभाजनाचे प्रकार सांग गो."

"आधी तू सांग. माझ्या पुस्तकात या पेन्सिलच्या खुणा कुणाच्या?"

"मला काय ठाऊक?"

"माझ्या वर्गातल्या मनालला दिलं होतंस ना वाचायला? माझा पहिला नंबर जाईल, आई!"

"कुणाला नाही दिलं."

"मग पश्चावस्थेच्या आकृतीला नावं कुणी दिली? अक्षर माझं नाही."

"चुकल्येत का?"

"बरोबर आहेत. पण... आई, हे तुझं अक्षर?"

"नववीत शाळा सुटली माझी. यंदा बाहेरून दहावीचा फॉर्म भरलाय."

"बाबांना माहित्ये?"

"अजून नाही."

"दे ते पुस्तक इकडे. आता मी विचारत्ये."