गटार पाह्यलं, टॉवर राह्यला

…नाई, तुमीच सांगा न, मानूस पुलगावहून थेट पॅरिसले जाते, जिंदगीत पयल्यांदा इमानात बसून, गुडघ्याले पट्टा बांधून, कपड्याच्या घडीत आंब्याच्या लोनच्याची बरनी लपवून, आन् वापस आल्यावर गावात त्याले नाव काय पडते? गटारवाले! इतके वर्सं झाले स्टीलच्या भांड्याचं दुकान हाये माह्यं, बोर्डावर मोठ्या अक्षरात नाव हाये, चंद्रभान, पन पोट्टे पत्ता कसा सांगतेत? "ते गटारवाल्या काकाचं दुकान हाये न, त्याच्या बाजूले." काऊन? त आमी पॅरिसले गेलतो आन् टॉवर नाई पाह्यला, गटार पाह्यलं. तिकीट काढून पाह्यलं. हसा, हसा तुमी… मले जेवन गोड लागत नाई. काऊन का चूक कोनाची हाये हे साऱ्या पुलगावात एकट्या मले मालूम होतं, आन् मी आपला गप.

आता पयलेपासून सांगतो. माह्यी पोरगी आकांक्षा, तिले आर्वीच्या गजेंद्रले देली. कम्प्युटरवाला मानूस, शांत, खाली मान घालून बोलनार. कंपनीनं त्याले पॅरिसले पाठवलं, पोरगी बी गेली, आन् दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात त्याईनं आमाले बोलावलं. माह्यी बायको कोकिळा, तिचा पाय जमिनीवर ठरे नाई. तुमाले सांगतो, त्याले कारन हाये. आमचं लगन झालं तवा स्टुडिओत जोडीनं फोटो काढलता, मागं रंगवलेला पडदा, त्याच्यावर पॅरिसचा टॉवर. पेंटरनं टॉवर काढला न बाजूले दोन नारळाचे झाडं बी काढले, म्हने मोकळं दिसे. तो फोटो आजबी आमच्या बैठकीत हाये. त त्या खऱ्या टॉवरपुढं जोडीनं उभं राहाचं न फोटो काढाचा, येवढंच तिच्या मनात. एक मोरपंखी साडी घेतली, सुटकेसमधी सगळ्यात वरते ठेवली. मी म्हटलं, "हे काऊन वरते?" म्हन्ते, "टॉवरची हाये. चुरगळाची नाई."

आता झालं काय, जायच्या आधी जावयाचा फोन आला. कोकिळा आंगनात मिरच्या वाळू घालत होती. जावई म्हन्तेत, "बाबा, टॉवरची तिकिटं आधीच काढावी लागतात. काढून ठेवू का?" आन् मी… मी काय म्हटलं माहीत हाये काय? मी म्हटलं, "नाई हो, राहू द्या. कायले उगा तरास? तुमी दोघं दिसले का आमचं पॅरिस झालं. आन् हिले उंचावर गरगरते बी."

आता तुमीच सांगा, हे काय नाई म्हननं झालं काय? आपल्यात पंगतीत जिलबी घेऊन वाढनारा येते, आपन काय करतो? ताटावर आडवा हात धरतो, "नको, नको, बस झालं." त वाढनारा जाते काय पुढं? जाईन कसा? तो हात बाजूले करते, दोन टाकते, आपन म्हनतो "अरे अरे अरे", न मंग खातो. रीतच हाये न बाप्पा! मी इकडून नको म्हटलं, तिकडून त्याईनं म्हनाचं, "असं कसं बाबा, इतक्या दूर येता न टॉवर नाई पाहाचा?" मी अजून एकदा नको म्हनाचं, त्याईनं अजून एकदा म्हनाचं, मंग मी म्हटलं असतं, "बरं, तुमचा आग्रहच हाये त काढा." तोंडात तयार होतं माह्या! पन जावई तीन वर्सं पॅरिसले राहून आग्रह इसरले. तिकडून काय म्हने? "ओके बाबा." फोन ठेवला. मी रिसीव्हर हातात धरून उभा. वापस फोन करून काय सांगू? का ते मघाचं नको होतं न, ते हो होतं?

कोकिळा आतमधी आली. "काय म्हने जावई?" मी म्हटलं, "काई नाई, तब्येत इचारत होते." तवापासून मी आपला गप.

पोहोचलो. पयल्या दिवशी आराम. दुसऱ्या दिवशी सकाळी कोकिळेनं मोरपंखी साडी काढून पलंगावर ठेवली, तेवढ्यात जावई आले, तोंडावर हे येवढा उजेड. म्हन्तेत, "बाबा, तुम्ही टॉवर-बिवर नको म्हणालात, मला फार आवडलं. सगळे टुरिस्ट तेच बघतात. मी ऑफिसमधल्या फ्रेंच लोकांना विचारून ठेवलंय, माझे सासू-सासरे वेगळे आहेत, त्यांना वेगळं पॅरिस दाखवायचंय." नशीब माह्यं, कोकिळा तवा बाथरूममधी होती. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "साधी साडी नेस, आज जवळच जाचं हाये."

आन् कुठी नेलं? त ते गटार. आता थट्टा नाई करून राह्यलो, खरंच हाये तथी, जमिनीखाली, जुन्या नाल्याचं म्युझियम. आन् देवाची करनी पाहा, नदीच्या पुलापाशी उतरलो त समोर, झाडाच्या वरते, टॉवर! पुरा दिसून राह्यला! कोकिळा थांबली. पदर सावरला. मले हळूच म्हन्ते, "आला का हो?" मी जावयाले नुसतं सुचवाव म्हनून म्हटलं, "गजेंद्रराव, ते उंच काय दिसून राह्यलं?" ते म्हन्तेत, "तोच टॉवर बाबा. पण काळजी नका करू, आपण तिकडे जात नाही आहोत." आन् बाजूच्या जिन्यानं आमाले खाली घेऊन गेले. टॉवर वर, आमी खाली. काळं पानी वाहून राह्यलं, बाजूले पाट्या, कोनं बांधलं, कसं बांधलं, जावई एक-एक पाटी वाचून मराठीत सांगून राह्यले, मन लावून, मास्तरावानी. कोकिळेच्या नाकाले पदर. जावई म्हन्तेत, "आई, वास येतोय का?" ते काय म्हन्ते? "नाई बाप्पा, चांगला हाये."

म्हनजे नको-नकोचा रोग काई मले एकट्याले नाई, घरादाराले हाये. पन टॉवरचं नको माह्यंच होतं न.

मंग एक दिवस नेलं कुत्र्या-मांजराच्या मसनवटीत. गावाबाहेर हाये, नदीच्या काठानं, मोठं फाटक, आत कुत्र्यायच्या समाध्या, संगमरवराच्या, एका कुत्र्याचा त पुतळा! फुलं वायलेले. मी त खरं सांगतो, पाहून गलबललो थोडासा, पन कोकिळा डोक्यावर पदर घेऊन प्रत्येक समाधीले हात जोडून राह्यली, न घरी आल्यावर उंबऱ्यातच उभी. आत येईना. "मसनातून आलो, आंघोळ केल्याबिगर शिवाचं नाई." जावई म्हन्तेत, "अहो आई, कुत्र्यांची आहे ती." म्हन्ते, "जीव त जीव असते." त भरदुपारी पॅरिसमधी चौघायच्या डोक्यावरून आंघोळी. पयल्या तिघायनं गरम पानी सपवलं, मले थंडं आलं. मी मनात म्हटलं, घे चंद्रभान, हे तुह्यंच हाये.

अजून काय काय पाह्यलं, काय सांगू! उंच कमानीवर जुन्या रेल्वेची लाईन होती, ते बंद झाली त तिच्यावर बगीचा केला, त्याच्यावर पायी फिरवलं. कोकिळा म्हन्ते, "आपल्या आर्वीच्या छोट्या लाईनीवर त गाडी चालू हाये तरी गवत उगवते, हे त्याईले येऊन पाहा म्हना." टेकडीवर अंगुराचं येवढंसं वावर, जाळीबाहेरून दाखवलं. रोहना गावच्या शेतकऱ्याची पोरगी हाये कोकिळा, बापाच्या संत्र्याच्या बगीच्यात वाढलेली. जाळीले नाक लावून पाह्यलं न म्हन्ते, "डवरनी बरी केली हाये, तन दिसत नाई." कालव्याचे दरवाजे पाह्यले, नाव आली का दरवाजा लागे, पानी चढे, नाव वर येये, येक घंटा तेच. आन् सगळीकडं जावई मोठ्या आशेनं इचारे, "आवडलं ना बाबा?" आन् मी म्हनो, "लय मस्त." आता याच्यात खोटं बी नाई. जागा चांगल्याच होत्या. सोबत टॉवर पाह्यला असता त याच जागायचं मी गावभर कौतिक सांगितलं असतं.

पन संध्याकाळी आकांक्षा सैपाकघरात गेली का कोकिळा माह्या कानापाशी येये. "काहो, जावयाचं मन लहान हाये काय? सारं पॅरिस फिरवून राह्यले, टॉवरचं नाव घेत नाई." मी म्हनो, "असन काई काम तिकडं." "टॉवरले काय काम असते?" आता मी तोंड उघडाव का नाई? उघडाव. मले समजत नोतं काय? समजत होतं. दोन-चार खेपा त शब्द ओठापर्यंत आलते. पन तवा ते म्हने, "तुमी त इचारून पाहा एकदा." आन् मी वरून तोऱ्यात म्हटलं, "पोरीच्या घरचं पानी बी मांगून पेत नाई आपन, टॉवर मांगू काय?" पाहा, केवढा मोठा मानूस मी! त्या सकाळी पलंगावर ठेवलेली साडी तिनं स्वतःच घडी करून वापस सुटकेसमधी ठेवली, आता सगळ्यात खाली. पुलगावले आलो त तशीच निंघाली. मले त्या साडीकडं पाहावे नाई.

आन् गावात? बाया जमल्या. शेजारच्या जिजाबाईनं पयलाच सवाल टाकला, "कोकिळाबाई, टॉवर केवढा हाये वं?" आन् हे म्हन्ते, "जावयानं नाई दाखवला. गटार दाखवलं." झालं! येवढी गोष्ट पेटाले किती वेळ लागते? "चंद्रभानच्या जावयानं सासूले गटार दाखवलं!" जिजाबाईपासून बजारात, बजारातून यष्टीत, यष्टीतून थेट आर्वीले. इहीनबाईचा फोन आला. "माह्या पोरानं तुमाले गटारात नेलं म्हन्ता? जातानी साऱ्या गल्लीले पेढे वाटले न येतानी हे?" माह्या पोरीले सासूनं आठ-आठ दिवस फोन केला नाई, मानूस सोन्यासारखा, त्याच्या नावाले काळं लागून राह्यलं, न ज्यानं लावलं तो गल्ल्यावर बसून गंज-पातेले इकून राह्यला. बाजूचा दुकानदार रूपराव माह्या दुकानात येऊन म्हने, "चंद्रभानभाऊ, जावई कंजूस निंघाला काय हो?" आन् मी काय केलं? मी मान हलवली. हो बी नाई, नाई बी नाई, अशी गोल. लाज वाटते सांगाले. गप राहनं येक वेळ समजू शकतो, पन मान हलवाची?

मंग आली दिवाळी. जावयाची बदली झालती बंगलोरले, पॅरिस कायमचं सुटलं, न पोरगी-जावई आमच्याकडं आले. पंगत बसली, जिजाबाई बी होती. अनरसे वाढता वाढता ते हासत म्हन्ते, "जावईबापू, येकडाव आमाले बी न्या न गटार पाहाले." सारे हासले. जावयाचा घास हातातच राह्यला. त्याईनं माह्याकडं पाह्यलं. फक्त पाह्यलं. आन् तुमाले सांगतो, तोंडातून शब्द काढला नाई त्या मानसानं. येका वाक्यात मोकळा झाला असता, "बाबांनीच नको म्हटलं." नाई म्हटलं. मान खाली घातली न म्हने, "चुकलंच माझं."

आता येवढं झाल्यावर तरी मी गप राहाव काय? नाई राह्यलो. ताटावरून उठलो, खरकट्या हातानं, न सारं सांगून टाकलं. फोन, नको, ओके, गरगरते, सारं. "त्याईची चूक नाई, माह्यी हाये. त्याईनं तिकिटाचं इचारलं होतं, मीच नको म्हटलं." जिजाबाईच्या हातातला अनरसा ताटात पडला. मले वाटलं, चला, मोकळा झालो.

कायचा मोकळा! आकांक्षा रडाले लागली. म्हन्ते, "बाबा, आमी बी नाई पाह्यला टॉवर. तीन वर्सं राह्यलो तथी, वर गेलो नाई. तुमी येसान तवा चौघं मिळून जाऊ म्हनून ठेवला होता. मंग तुमी नको म्हटलं त आमी दोघायनं कसं जाव?"

घ्या. म्हनजे माह्या येका नकोनं चौघायचा टॉवर गेला. पंधरा-पंधरा दिवस ते पोट्टे आमाले गटारं न मसनं दाखवत होते, त्याईच्याबी मनात तोच होता, न मी म्हनून राह्यलो लय मस्त, लय मस्त.

मी वापस ताटावर बसलो न कोकिळेकडं पाह्यलं. म्हटलं आता हे भांडन, रडन, बोलन काईतरी. काई नाई. जावयापाशी गेली, त्याच्या ताटात दोन अनरसे वाढले, डोक्यावरून हात फिरवला. मंग परात घेऊन माह्यापुढं आली. "वाढू काय?" आता मानूस अपराधी, मान वर होत नाई, त्यात सवय… हात आपोआप ताटावर गेला. म्हटलं, "नको." ते म्हने, "बरं." आन् पुढं गेली.

तवापासून आमच्या घरात आग्रह बंद हाये. भाकर इचारते, नको म्हटलं का टोपलं उचलते. पांघरून इचारते, नको म्हटलं का पेटीत. पुऱ्या हिवाळ्यात मले उघड्या आंगनात झोपल्यावानी थंडी वाजली. भांडत नाई, रागावत नाई, येकदा इचारते, गोड आवाजात, न जे म्हनसान ते खरं धरते. आता दुकानात गिऱ्हाईक नसलं का मी येकटाच परातीत तोंड पाहून म्हनून पाहातो… हो, वाढ. हो, घेतो. हो, मले पाहाचा हाये. जमून राह्यलं हळूहळू. पन घरी गेलो, ते समोर आली, न इचारलं का हात आपोआप ताटावर… अर्धपोटीच उठतो न दुकानात येतो.