अण्णा आणि आप्पांमधली रेघ

उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीत काय झालं, ते सांगतो. मालक दोघं सख्खे भाऊ, थोरले अण्णा आणि धाकटे आप्पा. बसायचे एकाच केबिनमध्ये, पण वाटणीवरनं बिनसल्यापासनं एकमेकांशी बोलायचे न्हाईत. मधल्या टेबलावर मी, मॅनेजर.

"आप्पाला सांग, माल शनिवारी जायला पायजे."

आप्पा समोरच ऐकत असायचे, तरी मी सांगायचो.

"त्याला सांग, भट्टी बंद हाय."

तेही सांगायचो. या नादात दोन गिऱ्हाइकं गेली.

शेवटी पुण्याचा एक सल्लागार आला. कारखान्यात कोण कुणाशी बोलून काम करतं, याचा त्यानं नकाशा काढला आणि केबिनमध्येच पडद्यावर लावला. सगळ्या रेघा माझ्यावर येऊन आदळत होत्या. अण्णा आणि आप्पांच्या मध्ये एकही नव्हती.

"तुम्ही दोघं आपसात बोलतच नाही का?" त्यानं विचारलं.

अण्णा मला म्हणाले, "त्याला सांग, आम्ही बोलतो म्हणून."

सल्लागार हसला. अण्णा लालबुंद झाले आणि थेट आप्पांकडं वळले. "ह्या बाबाला कुणी आणलं रं?"

"तूच की! मॅनेजर म्हणाला, अण्णांची इच्छा हाय."

"मला म्हणाला, तुझी हाय!"

दोघं माझ्याकडं बघायला लागले.

"काढून टाकू ह्याला," अण्णा म्हणाले.

"व्हय, काढूया."

कित्येक वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं. सल्लागारानं खुशीत नकाशावर अण्णांपासनं आप्पांपर्यंत ठळक रेघ ओढली.

माझी नोकरी मात्र टिकली. 'तुला काढलं' हे मला कुणी सांगायचं, यावरनं दोघं अजून भांडतायत. पण थेट.