मनातल्या मनात डच

सून : ते पुस्तक घेऊन माझ्यासमोर येऊ नका, बाबा. आज नको.

सासरे : कुठला प्रश्न अडला, तेवढंच बघतो...

सून : प्रश्न नाही, तोंड अडलं! कानाला हेडफोन, समोर माईक. यंत्रातली बाई विचारते, काल काय केलंत? मला येत होतं! भूतकाळ म्हणजे आधी 'हेब', क्रियापद पार शेवटी, त्याच्या डोक्यावर 'गे', शेपटीला 'ट'. सगळं डोळ्यांपुढे लिहिलेलं दिसत होतं. पण अक्षर फुटेना. नापास.

सासरे : लिहिताना तर तुझं एकही...

सून : लिहायचं नव्हतंच! बोलायचं होतं!

सासूबाई : अगं हळू, शेजारी ऐकतील.

सून : ऐकू देत. या घरात कुणीतरी मोठ्यानं बोलायला हवं. वर्षभर आम्ही दोघं मुक्यानं डच शिकलो, आई. बाबांनी वाक्य लिहून सरकवायचं, मी त्याचा भूतकाळ करून परत सरकवायचा. जाणं-येणं असलं की 'हेब' नाही, 'बेन'. दहादा गिरवून घेतलंत, बाबा. एकदा तरी म्हणून दाखवलंत? व्हिडिओ लावला, तर म्हणे आधी व्याकरण पक्कं होऊ दे.

सासूबाई : मी सांगत होते, अहो, तोंड उघडा जरा.

सून : आणि तुमचा मुलगा तिकडून फोनवर, बाबा आहेत ना, मग काळजी कसली! आता पुन्हा परीक्षा, ती पास झाल्याशिवाय तिकडचा व्हिसा नाही. तोवर तो तिकडे एकटा, मी इकडे. खरं सांगा, मी जायला नकोय ना तुम्हाला?

सासरे : असं नको गं बोलू.

सून : मग का?

सासरे : मला उच्चार येत नाहीत. पुस्तकातून ते कळत नाहीत. माझं चुकीचं तुझ्या जिभेवर बसलं असतं तर...

सून : तर घासून काढलं असतं! आता काय काढू? जिभेवर काहीच नाही!

सासूबाई : सकाळपासून घोटभर पाणी घेतलं नाही गं त्यांनी. दारात नुसत्या येरझाऱ्या.

सून : तुम्ही नका सांगू. त्यांना सांगू दे. आज काय केलंत, बाबा? डचमध्ये. मोठ्यानं.

सासरे : आत्ता?

सून : आत्ता.

सासरे : इक... हेब... गेवाख्ट.

सून : 'गे' नाही. ती बाई 'खे' म्हणत होती, घसा खरवडल्यासारखं. परत म्हणा.

सासरे : इक हेब खेवाख्ट.

सासूबाई : म्हणजे काय केलंत?

सून : वाट पाहिली, म्हणतायत.